शेवटचा हात

शनिवार, ८ तारीख
दुपार

प्रिय बारके,

तुला खूप आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे होते तसेच आहेत, तक्रारी मात्र वाढल्यात. बटणांच्या दुकानात माझं बरं चाललंय. मालकीणबाई चांगल्या आहेत. माझ्यासाठी त्यांनी अत्तर लावणं सोडलं. तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. फोनवर मला खोकला लागतो, मग तू "ठेव ताई, दमशील" म्हणतेस आणि माझं बोलणं राहून जातं. कागद मध्येच तोडत नाही.

परवा तुमच्या कारखान्यातली, रंगाआधी दारं घासणारी काकी दुकानात आली होती. बटणं घ्यायला म्हणून, खरं तर बातमी द्यायला.

"बारकीची दारं बघितलीस? तोंड दिसतं त्यात. तुझ्याहून..."

"माझ्याहून काय?"

"तुझ्याइतकंच गं," म्हणाली, आणि उगाच दोऱ्याचे रंग बघायला लागली.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू. कपाटांच्या दारांवर रंग फवारायची गन तुझ्याआधी मी चालवली. तेव्हा बूथ नव्हता. पत्र्याची खोली, भिंतीत एक पंखा आणि तोंडाला माझाच रुमाल. मालकांना सांगून सांगून थकले. माझी छाती गेल्यावर सगळं आलं: काचेचा बूथ, दाराएवढा पंखा, तुझ्या डोक्यावर ताज्या हवेच्या नळीचा टोप, तपासायला डॉक्टरीणबाई. माझ्या दम्यामुळे बांधलेल्या खोलीत तू उभी राहतेस आणि वर सांगतेस, टोपानं केस चपटे होतात. मी तुझ्या श्वासावर जळते, बारके. तू फोनवर हसतेस आणि हसता हसताच पुढचं वाक्य बोलतेस. मला ते आता जमत नाही.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. मालक अजून गिऱ्हाइकांना माझं जुनं दार दाखवतात. त्या चकाकीबद्दल तू कितीदा विचारलंस. मी म्हणायचे, "हाताला सवय लागते." हाताचा काही संबंध नव्हता.

काकी गेल्यावर मी तुझ्या दारांत खोट शोधत बसले, न बघता. रंग बदलला असेल, कंपनी बदलली असेल. बटणं चुकीच्या डब्यांत टाकत होते. मग लक्षात आलं. तसं दार एकाच तऱ्हेनं होतं. शेवटचा हात मारताना पंखा बंद करायचा. वारा थांबला की ओल्या रंगावर धूळ बसत नाही, रंग निवांत पसरतो. रंग कडक करणाऱ्या हार्डनरची विषारी वाफही मग खोलीतच राहते. मी रोज हेच करायचे. चकाकी बघायला तू टोपही वर करत असशील. मी केला असता.

तू हे माझ्याकडून शिकली नाहीस, स्वतः शोधलंस. त्याचाही राग आला.

राग ओसरल्यावर मागच्या फोनवरचा तुझा खोकला आठवला. "धुळीचा आहे," म्हणालीस. सुटीच्या दिवशी बरा असतो का? कामावर गेलं की पुन्हा येतो का? माझाही तसाच होता आणि मी त्याला सर्दी म्हणत राहिले. डॉक्टरीणबाईंना सांग. कामाच्या आधी आणि नंतर त्यांच्या श्वास मोजायच्या नळीत फुंकून घे. लपवू नकोस. छातीनं एकदा त्या वाफेशी वैर धरलं की मग नुसता शिंतोडाही पुरतो.

आता जे लिहायला बसले ते. काल मी फोरमनला फोन केला.

"बारकी पंखा बंद करते," म्हटलं.

तो म्हणाला, "ताई, धाकटीचं कौतुक सोसत नाही का तुम्हाला?"

"नाही सोसत. तरी एकदा जाऊन बघा."

संध्याकाळी त्याचाच फोन आला. खरं होतं. सोमवारपासून पंखा चालू असेल तरच गनला हवा मिळेल, अशी जोडणी इलेक्ट्रिशियन करून देतोय. तुझी नोकरी जाणार नाही, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तुला तो आज काही बोलणार नाही. मी सांगते म्हणाले. म्हणून हे पत्र काकीच्या हाती देते आहे.

तुझ्या दारांवर आता धुळीचा बारीक रवा दिसेल. लोक बोलून दाखवतील. ती चकाकी मी घालवली.

तू म्हणशील, ताईनं जळून केलं. फोन लावताना मला भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं. त्यातलं आधी कुठलं वाटलं, ते मला सांगता येणार नाही. तू खोदून विचारलंस तरी नाही.

रागाव. पण फोनवर नको. घरी ये. तिन्ही जिने चढून, मध्ये कुठे न थांबता, दारातूनच माझ्याशी भांडायला लाग. मी आतून ऐकत असेन.

तुझ्यावर जळणारी,
तुझीच
ताई