पोचलेल्या गोळ्या

माय,

तू होतीस तेव्हापासून नाल्यावर पूल होणार म्हणतात, तो अजून झालेला नाही. आता पलीकडच्या गावाला औषध ड्रोननं जातं. पंख्यांचं लहानसं यंत्र आमच्या दवाखान्याच्या अंगणातून उडतं, नाला ओलांडतं आणि दोरीनं डबा खाली सोडतं. तू आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "गोळी गिळली का नाई, थे कोन पायते?"

गोळी गिळेपर्यंत समोर बसून राहायची तुझी सवय मला नुसता हट्ट वाटायची. अजून डोळ्यांसमोर आहे: लुगडं खोचून, औषधांची पिशवी डोक्यावर घेऊन तू नाल्यात उतरतेस, मागून मी. ओसरीवर एक म्हातारा गोळी गालात दाबून बसलाय, आणि ऊन कलेपर्यंत तू त्याच्यासमोर शेंगा फोडत बसून आहेस. पुढं मीही तुझ्याच, घरोघर औषध पोचवायच्या नोकरीला लागले. पहिल्याच महिन्यात ऐटीत सांगितलं, सगळ्यांच्या गोळ्या पोचल्या. भाकर थापता थापता तू म्हणालीस, "पोचल्या म्हन्जे पोटात गेल्या काय व? काऊन उठून आली तू?" मला भारी राग आला होता. त्या दिवशी मी जेवलेही नाही.

पलीकडची काकू, तुला अंबाडीची भाजी बांधून द्यायची ती, तिला टीबी झालाय. दर महिन्याच्या गोळ्या मी ड्रोननं पाठवत होते. पडद्यावर हिरवी खूण आली की रजिस्टरात 'पोचल्या' असं लिहायचे. फोन केला तर ती म्हणायची, "घेऊन राह्यली व बाई." परवा तिला खाटेवर घालून आणलं. खोकल्यातून रक्त पडत होतं, अंगावर मांस म्हणून राहिलेलं नाही. गोळ्यांचं काय केलं विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "डबा उतरला तवा सारं गाव गोळा झालं होतं. आमच्या इकडं सारेच खोकलतात. तुरीच्या नव्या शेंगा आपुन एकटं खातो काय? देल्या वाटून." नव्या पिकाचा वानोळा घरोघर द्यावा तशा तिनं त्या दिल्या होत्या. स्वतःला दोन-तीन दिवसांनी एक ठेवली होती. मी तिच्यावर ओरडले, माय. आपलं काय चुकलं ते तिला कळेना.

अशा खाडे करून घेतल्यामुळं त्याच गोळ्या आता तिला लागू पडतील की नाही, सांगता येत नाही म्हणतात. तिला उटनूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलंय. ती वाचेल का, माय?

हे पत्र तुझ्या जुन्या पिशवीत ठेवते, दुसरीकडं कुठं पाठवणार? आमच्या डॉक्टरांनी विचारलं, इतक्या महिन्यांत तिकडं कोणीच कसं गेलं नाही? मी म्हणाले, नाल्याला पाणी होतं.

माय, कापसाच्या गाड्या त्याच नाल्यातून जात होत्या. पाणी घोट्याएवढं होतं.