बाकीच्या गाठी

जामनगर, १२ फेब्रुवारी १९९२

ती. मोटीबेन हिच्या चरणी रसिकचा शि. सा. नमस्कार, जीजाजींना जय श्रीकृष्ण, वि. वि.

परवा आमच्या तोरलच्या हाताची पट्टी कायमची काढली. जखम भरली आहे, पण कातडी आखडली. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळलेली राहतात. करंगळीला पुन्हा नख येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. रोज तेल लावून बोटं ओढायची आणि चेंडू दाबायचा, म्हणजे निदान आणखी आखडणार नाहीत. पण ती हाताला हात लावू देत नाही. फ्रॉकच्या खिशात घालून फिरते. आठ वर्षांची पोर, खिसा नसलेला फ्रॉक घालायला तयार नाही. जेवते डाव्या हाताने. पूर्वी त्यावरून कोकिला किती रागवायची. आता ताट वाढते आणि दुसरीकडे बघते.

बा कशी आहे ते कळव. त्या दिवशी तिने उकळत्या रंगाचं तपेलं अंगणात उतरवलं, मीठ आणायला आत गेली, तेवढ्यात तोरल धावत आली आणि तपेलं तिच्या हातावर उलटलं. आई आहे, मी बाला एक शब्द बोललो नाही. आता वाटतं, काही बोललो असतो तर बरं झालं असतं. इस्पितळातून ती परस्पर तुझ्याकडे आली, दोन दिवसांत परतते म्हणाली. तिच्या दोन साड्या मी मागाहून पाठवल्या. संक्रांतीचं उत्तरायणही तिच्याविना गेलं. झोपाळ्यावर तिच्या जागी कुणी बसत नाही.

शेजारच्या रंभाबेन रोज गूळ-तुपाची सुखडी आणून देतात. आता सुखडीचा डबा बघितला की मी मागच्या दाराने शाळेत शिकवायला जातो.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा, रसिक


जामखंभाळिया, १९ फेब्रुवारी १९९२

चि. रसिक यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. होस्टेलमधून तू चार ओळींचं कार्ड टाकायचास, त्यातल्या दोन लाडवांबद्दल असायच्या. एवढा मजकूर बघून तुझे जीजाजी म्हणाले, पोस्टमन घर चुकला.

बा जेवते, पण बाजरीचा अर्धा रोटला गायीला जातो. खंभाळियाचं तूप समोर असून रोटला कोरडा खाणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. तुला लिहिणार नव्हते, पण लिहिते. इथे आली त्याच दिवशी तिने नेलकटर मागितलं आणि करंगळीचं लांब वाढवलेलं नख मुळापासून कापलं, जरा वाढलं की पुन्हा कापते. आपल्याला कळायला लागल्यापासून ते नख तिथे होतं. लहानपणी आपण हात लावला तर ओरडायची. त्याच्याच टोकाने कापड उचलून तिने सगळा जन्म बांधणीच्या गाठी बांधल्या. मी भांडले. म्हणाली, पोरीचं बोट जळलं, मला नख कशाला हवंय. शेजारणी बांधायला कापड घेऊन येतात, त्यांना सांगते की डोळ्यांना दिसत नाही. दिसतं सगळं. माझ्या डाळीतला खडा तिने दारातून पाहिला.

एक विचारते, मनाला लावून घेऊ नकोस. कोकिला तिला काही बोलली का? बा सांगत नाही. घरी जा म्हटलं की म्हणते, बोलावणं येऊ दे.

तोरलच्या कपाळावर माझा हात ठेव.
तुझी मोठी बहीण, मंजुबेन


जामनगर, २६ फेब्रुवारी १९९२

ती. मंजुबेन यांना कोकिलाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि शाळेत निघून गेले. उत्तर मीच द्यायचं आहे हे कळलं.

हो, मी बोलले. इस्पितळात पट्टी बदलताना तोरल किंचाळत होती आणि बा दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही इथून जा, मला तुमचं तोंड दिसायला नको. रागाच्या भरात तोंडून गेलं असं लिहिणं सोपं आहे. पण तेव्हा माझ्या मनात तेच होतं आणि नंतरही बरेच दिवस होतं.

मागच्या रविवारी तेलाची वाटी घेऊन तोरलजवळ बसले. तिने हात दिला नाही. मग हळूच म्हणाली, माझी बोटं उघडत नाहीत हे बाला कळवू नकोस. का, असं विचारलं. म्हणे, मी रंग सांडला म्हणून बा रुसून गेली, आता मला कापडही धरता येत नाही हे कळलं तर ती कधीच येणार नाही. रंगवलेलं कापड वाळलं की गाठी सोडायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. आमच्याकडे एका टोकाला बा आणि दुसऱ्या टोकाला तोरल, हे तुम्ही पाहिलंय. ताणलं की गाठी तडतडत सुटायच्या आणि दोघी हसायच्या. इतके दिवस पोर हे पोटात घेऊन बसली होती, आणि मी समजत होते की तिला दुखतंय.

माझा राग गेला असं मी म्हणत नाही. पण तो आता तोरलच्याच वाटेत उभा आहे.

बांना बोलावणं लिहायला घेतलं की हात थांबतो. तुम्ही हे पत्र त्यांना वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

आमच्यावर राग धरू नये, एवढंच मागणं.
आपली, कोकिला


जामखंभाळिया, २४ मार्च १९९२

चि. सौ. कोकिला हिस अनेक आशीर्वाद.

काही न गाळता वाचलं. तोंड दिसायला नको, इथे मी कागद खाली ठेवला, तर बा म्हणाली, वाच पुढे, ते मला पाठ आहे. तोरलचं बोलणं वाचलं तेव्हा उठून न्हाणीघरात गेली. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी तिने पांढरं मलमल आणि दोरा मागितला. तोरलपुरती छोटी ओढणी बांधायला घेतली. नख नाही, म्हणून माझ्या केसांतल्या पिनेने कापड उचलायची. ठिपके वेडेवाकडे पडले की स्वतःलाच टोमणे, आंधळ्या कोंबडीने दाणे टिपलेत म्हणून. रंगवायला मात्र बाजारातल्या रंगाऱ्याकडे दिली. चुलीजवळ ती अजून जात नाही.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने येते आहे, संध्याकाळी पाचच्या गाडीने परत. राहून ये म्हटलं, तर म्हणाली, त्या पत्रात बोलावणं कुठे होतं. बरोबर कपडे घेत नाही. पिशवीत बांधलेली ओढणी आणि माझं तूप. तुपाला नको म्हणालीस तर बघ.

तुला दोष देत नाही, हे मात्र नीट वाच.
तुझी, मंजुबेन


जामनगर, ३० मार्च १९९२

ती. मोटीबेन हिच्या चरणी रसिकचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

बा काल सुखरूप पोचली. कोकिलाने पाणी दिलं, बाने घेतलं. तोरल दाराआड उभी होती, हात खिशात. बाने तिला जवळ बोलावलं नाही की हाताकडे पाहिलं नाही. झोपाळ्यावर बसून ओढणी काढली आणि एक टोक नुसतं हवेत धरून ठेवलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, त्या दिवशीचा रंग तसाही बिघडलाच होता, सांडला नसता तर मीच ओतून देणार होते. मी याच घरात वाढलो, बाचा रंग बिघडलेला कधी पाहिला नाही. तरी मी होकाराची मान हलवली.

तोरल आली. आधी डावा हात पुढे केला, मग उजवा खिशातून काढला. तिने टोक धरलं, बाने ताणलं, ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. पोरीचं तोंड रडवेलं झालं. तेवढ्यात कोकिला कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून आली, तोरलच्या मागे गुडघे टेकून बसली आणि तिच्या मुठीवर आपली मूठ धरली. तिघींनी ताणलं. गाठी तडतडल्या, दोऱ्याची कडी लादीवर उडाली.

तोरलने ठिपके बघितले आणि विचारलं, हे कुणी बांधलंय, किती वाकडं आहे. बाने आपली करंगळी पुढे केली. तोरलने आपली शेजारी धरली. दोन्ही बोटं तशीच होती, बिननखाची. बाचं नख पावसाळ्यापर्यंत पुन्हा वाढेल. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, बहुतेक तोरललाही. कोकिला रडत होती, पण हात सोडला नाही.

निम्मी ओढणी सुटली आणि तोरल थांबली. उरलेली गुंडाळून पोटाशी धरली आणि म्हणाली, बाकीच्या गाठी उद्या. बा म्हणाली, अगं, पाचला माझी गाडी आहे. तर म्हणे, ज्यांनी सुरू केली त्यांनीच सोडायची असते, तूच शिकवलंयस. असं काही बाने शिकवल्याचं मला आठवत नाही. बाने कोकिलाकडे पाहिलं. कोकिला उठली, बाची गादी गच्चीवर नेऊन उन्हात टाकली आणि परत येऊन कणीक मळायला लागली.

आज सकाळी तोरलने तेल लावून घेतलं. दुखलं तेव्हा ओरडली. बोटं काही उघडली नाहीत. ओढणी अजून निम्मीच सुटली आहे, तोरल बाकीच्या गाठींना कुणाला हात लावू देत नाही.

कुणी इकडे येणारं असेल, तर त्याच्याबरोबर बाच्या त्या दोन साड्या पाठवून दे.

तुझी आठवण या घरात रोज निघते.
तुझा, रसिक