वेट आणि एक्स्पेक्ट

४ मार्च
वरच्या मजल्यावरचे मास्तर आज वैतागलेच. साठीला टेकलेली शिंपीण आणि इंग्रजी शिकतेय! पण करू काय? जावयाला मराठी येत नाही आणि लेक तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. "पुन्हा तोंड दाखवू नकोस" — मीच म्हणाले होते. जिभेला हाड नाही माझ्या. महिन्याकाठी जावई दोन ओळी पाठवतो, त्यावर दिवस काढायचे.

७ मार्च
वेट म्हणजे वाट बघणं. एक्स्पेक्ट म्हणजेही वाट बघणं! मग दोन शब्द कशाला? "अहो बाई, वेट म्हणजे नुसतं ताटकळणं. एक्स्पेक्ट म्हणजे येणारच, असं धरून बसणं."
मग मी वेटच करते. धरून बसायला तोंड कुठाय मला?

८ मार्च
गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. फार आठवण येतेय तिची.

११ मार्च
जावयाचा मेसेज — "शी इज एक्स्पेक्टिंग."
वेटिंग नाही, एक्स्पेक्टिंग! माझी लेक मी येणारच असं धरून बसलीय! मास्तरांना न विचारता माझं मीच उत्तर ठोकलं — "आय ॲम ऑल्सो एक्स्पेक्टिंग. मेनी इयर्स." मग ठेवणीतलं निळं कापड काढलं आणि तिचा झगा शिवूनच उठले. मापं तोंडपाठ. कंबर अठ्ठावीस.

१२ मार्च
मास्तरांनी मेसेज वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. "बाई, नुसतं एक्स्पेक्टिंग म्हणजे... दिवस गेलेत तिला."
आनंदानं रडू आलं. मग नुसतंच रडू आलं. वाट माझी नव्हतीच. आणि मी जावयाला काय कळवून बसले! या वयात! मेनी इयर्स! मास्तर हसू दाबत जिना चढले.
अठ्ठावीस कंबर तिला आता कुठली व्हायला. सवयीनं शिवणीत आत दोन-दोन बोटं माया सोडलीय, उसवलं तर सैल होईल. पण उसवू कुणासाठी? घडी घालून ठेवून दिला.

१३ मार्च
फोन. तीच! आधी नुसती हसत सुटली. "आई, तुलाही? कितवा महिना?" हसता हसता रडायला लागली. "ये ना गं. वाट बघतेय."
वेट की एक्स्पेक्ट, विचारलं नाही. झगा उसवायला घेतलाय.