वेदीवरच्या तिघी

वेनिस, झावळ्यांच्या रविवारानंतरचा मंगळवार, १४१०

ती. ओर्सोलाताईस,
बोर्तोलोचा शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडताच आधी वेदीवर चादर टाक, मग पुढे वाच.

तुझ्या मठासाठी हाडांत कोरलेली वेदीमागची चौकट परवा नावेने धाडली. आज फळीवर बघतो तर काय, येशूच्या कबरीकडे सुगंधी तेल घेऊन निघालेल्या तिन्ही मरीया इथेच! बैलाच्या बरगड्यांच्या पट्ट्या आम्ही आधी कोरून ठेवतो, तिघी-तिघी दोऱ्याने बांधतो आणि शेवटी लाकडावर चिकटवतो, हे तू लहानपणापासून बघितलंयस. शेजारच्या जुडीत लग्नाच्या पेटीसाठी कोरलेल्या तिघी होत्या. त्याच गं, आपल्यात देखणी कोण, म्हणून पारिस राजपुत्रापुढे उभ्या राहिलेल्या जुन्या काळच्या देवी. अंगावर सूतभरही कापड नाही! आमच्या मेनेगोने त्याच चिकटवल्या. मी बोंब मारली तर मलाच म्हणतो, मालक, तीन बायका लाव म्हणालात, त्यांच्या कपड्यांचं कुठे बोललात?

येत्या रविवारी ईस्टरला बिशप यायचे आहेत. त्यांनी बघितलं तर चौकट चुलीत आणि तू मठाच्या गादीवरून खाली! खरवडायला जाऊ नका, सरस पक्का आहे, शेजारचा देवदूतही तडकेल.

या मूर्ख भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा बोर्तोलो


नदीवरचा मठ, ईस्टरनंतरचा सोमवार

चि. बोर्तोलोस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. चादर घेऊन धावले, पण उशीर झाला होता. म्हातारी सिस्टर फियोर्देलिझे वेदीपुढे डोळे पुसत होती. म्हणाली, बिचाऱ्या पहाटे दुःखाच्या भरात तशाच निघाल्या, कपड्यांचंही भान राहिलं नाही! शेवटी आम्ही तिघींना लोकरीचे इवलेसे झगे शिवले आणि मेणाने चिकटवले.

बिशप आले. बाकी सगळे हाडाचे, या तिघीच लोकरीच्या का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, महाराज, पहाटेची थंडी. त्यांनी बोटाने एक झगा उचलला. बोर्तोलो, मठ गेला, गादी गेली, असं धरूनच चालले.

बराच वेळ बघून त्यांनी झगा नीट खाली सोडला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, आमच्या आईच्या लग्नाच्या पेटीवर याच होत्या. मरीया समजून मी लहानपणी रोज रात्री यांनाच हात जोडून झोपायचो. आता या वयात यांना बाहेर कसं काढू?

आणि मोठ्या आवाजात चौकटीला आशीर्वाद दिला!

त्यांना स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीसाठी तुझ्याकडून अशीच चौकट हवी आहे. झगे मात्र नकोत म्हणाले. कपड्यांत त्या ओळखू येत नाहीत.

जिवाला जप. मेनेगोला मारू नकोस.

तुझी ताई, ओर्सोला