सोनपेठच्या हद्दीबाहेरची चहापत्ती

३ नोव्हेंबर
कंपनीचा नवा करार मोबाईलवर आला. पानंच पानं. मतलब एवढाच, की चहापत्ती फक्त सोनपेठ तालुक्यात विकायची. बाहेरचा दुकानदार आपल्या पायानं चालून आला तरी द्यायची नाही. गंगाखेडला दुसरा डीलर नेमलाय म्हणे. राणीसावरगाव त्याच तालुक्यात, म्हणजे तिथले किसनमामा हातचे गेले. वडिलांच्या, अण्णांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, दर बाजारी एसटीनं येणारं. डोकं फिरलं. सही करणार नाही.

५ नोव्हें.
दुकान उघडलं की अजून अण्णा आठवतात. तेव्हा पत्ती लाकडी खोक्यात यायची. खोकं फोडलं की गल्लीभर वास. खेड्यातले दुकानदार बाजाराला येताना आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीत आणायचे. अण्णा त्याच पाण्याचा चहा उकळायचे, चाखायचे, मग कुठल्या गावाला कुठली पत्ती ते ठरवायचे. किसनमामांच्या गावचं पाणी जड, त्यांना बारीक, कडक. मी फ्रॉकमधली, बशीतून चाखून तोंड वाकडं करायचे. मामा हसायचे.
आता सगळीकडे जारचं पाणी. चहा सगळ्या गावांचा सारखाच. उगाच रडू आलं.

९ नोव्हें.
सुमित आला परभणीहून. बहिणीचा मुलगा, वकील. मला वाटलं म्हणेल, बेकायदा आहे, फाडून टाक.
"तसं नसतंय मावशी. इलाका वाटून दिला की लगेच बेकायदा होत न्हाई. त्यानं बाजारातली चुरस खरंच मरायली का, ते बघतेत."
"अन् मामांचं काय?"
"एका मामानं चुरस मरत न्हाई."
जेवायला वाढलं, पण श्रीखंड आतच ठेवलं. शेवटी स्वतःच म्हणाला, चालून आलेल्यालाही द्यायचं नाही हे जरा जास्त होतंय, तेवढी ओळ काढा म्हणून कंपनीला लिहू. मग श्रीखंड वाढलं.

१४ नोव्हें.
कं.चा साहेब आला. लय गोड. "मॅडम, डीलर राहूच नका. कमिशन एजंट व्हा. माल आमचा, नुकसान झालं तर आमचं."
सुमितला फोन. तो म्हणाला, "मग तू खरी एजंट. माल त्यांचा, तर कुठं विकायचा तेबी तेच सांगणार. भांडायला जागा राहत न्हाई. पण जोखीमबी न्हाई."
एका पावसाळ्यात गोदामात पाणी शिरलं होतं. अण्णांनी भिजलेली पत्ती गच्चीवर वाळत घातली होती. आई रडत होती. कंपनीनं साधी विचारपूस केली नाही. "माल आपला, तर भिजलेलाबी आपलाच," अण्णा म्हणाले होते.
मोह होतोय. गुडघे दुखतात, खोकी उचलवत नाहीत. पण मामा...

१९ नोव्हें.
कं.चं उत्तर आलं. ओळ निघणार नाही. डीलर राहा नाहीतर एजंट व्हा, दोन्हीत हद्द तीच. नाहीतर एजन्सी सोडा.
सुमित म्हणतो, बाजारातली चुरस मारल्याची प्रकरणं बघणाऱ्या दिल्लीच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पण वेळ लागेल, टिकेल याची खात्री नाही, आणि एजन्सी तोवर जाईलही. गेली तर जाऊ दे. ठरलं. मामांसाठी तक्रार करायची.

२२ नोव्हें., बाजार
मामा आले. मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.
"बाई, राग नको मानू. गंगाखेडचा गडी पोळ्यापसून दारात जीप घेऊन यायलाय. भावबी तुझ्याइतकाच. दुकानाचा माल त्याच्याकडूनच घ्यायलोय."
हल्ली एकच पुडा नेतात, ते मला दिसत होतं. वाटलं, त्यांचं दुकान थंड असेल.
"मग हा पुडा?"
"घरी पिऊन सरत न्हाई. पर इथं तासभर बसायला मिळतंय. बाजारात आता वळखीचं कोण राहिलंय?"
म्हटलं, "मग नुसतं येऊन बसा की, मामा."
"काई न घेता कुणाच्या दुकानात कसं बसावं, बाई?"
पुडा पिशवीत टाकला, पैसे काउंटरवर ठेवले आणि एसटी गाठायला निघाले.
संध्याकाळी सुमितचा फोन. तक्रार लिहायला बसलाय. विचारत होता, करारामुळे मामांचं नेमकं काय नुकसान होतंय म्हणून लिहू?
उद्या सांगते म्हटलं.