चांद पहिला मलाच दिसतो

१९ मार्च
उजवं कानशील ठणकतंय. रोज्यात दिवसभर चहा नाही, दुसरं काय असणार! कंगवा लागला तरी दुखतं. बायको फातिमाबी म्हणे डॉक्टरला दाखवा. जवळा बाजार गावात मी जन्मभर चष्मे विकले. मला डॉक्टर काय नवीन सांगणार?

२२ मार्च
पहाटे सहरीला भाकर चावताना जबडा भरून आला. एकाहत्तरावं चालू आहे, चालायचंच. निश्चय : ईदपर्यंत भाकर कुस्करून खायची.

२५ मार्च, दुपार
उजवा डोळा लालभडक. डोळे आले समजून गिऱ्हाईक लांबूनच भाव विचारतं. दुकानातला काळा गॉगल लावला. रुबाबदार दिसतो.

२८ मार्च, जुम्मा
उजव्या डोळ्यापुढे पडदा पडला. थोड्या वेळानं आपोआप उठला. म्हणजे तब्येत सुधारतेय. नंबर वाढला असावा. शोकेसमधला सगळ्यात जाड चष्मा घातला.

पोरगा वासिफ म्हणे, अब्बा, आत्ताच्या आत्ता नांदेडला चला. म्हटलं, ईदनंतर. रविवारी मशिदीच्या गच्चीवर चांद कोण दाखवणार? दरवर्षी मीच. दिसत नसला की ‘ढग हाय, थोडं थांबा’ म्हणायचं, आणि मग बोट करायचं. सगळा बाजार त्या बोटाकडं बघतो. हा मान सोडून खाटेवर पडू?

२९ मार्च
पडदा पुन्हा पडला. लवकर उठेना. भीती वाटली. घरात बोललो नाही.

३० मार्च, मगरीबच्या नमाजनंतर
जाड चष्मा लावून गच्चीवर गेलो. क्षणात चमकती कोर दिसली. तो बघा चांद, ओरडलो. शेजारच्या गच्चीवरून किसनरावांचा आवाज : नासेरभाई, तो आमच्या गुढीचा तांब्या हाय, उतरवायचा राह्यला.

आज पाडवा, हे ध्यानातच नव्हतं. खरा चांद वासिफनं दाखवला. चष्मा काढून डाव्या डोळ्यानं पाहिला. उजव्याचा पडदा संध्याकाळपासून उठलाच नव्हता.

३१ मार्च, ईद, नांदेड
कानशिलातली रक्तवाहिनी सुजली होती, म्हातारपणी होतं म्हणे. सूज डोळ्यापर्यंत गेली. सलाईनमधून स्टेरॉइड चालू, डावा डोळा वाचवायला. कधीपासून दुखतंय, डॉक्टरांनी विचारलं. कालपासून, म्हटलं. पंधरवडा झाला, फातिमाबी म्हणाली.

मग त्यांनी डावा डोळा झाकला आणि काय दिसतं ते विचारलं.

ढग हाय, म्हटलं, थोडं थांबा.

डॉक्टर थांबले. फातिमाबी उठून बाहेर गेली.