मालनचं प्रायश्चित्त

२३ मार्च, रविवार
चर्चमध्ये उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत बायकांतर्फे ‘प्रायश्चित्त’ या विषयावर बोलायला पाळकसाहेबांनी मला निवडलं. मालनला नाही. मालन माझी धाकटी जाऊ. नाताळात भरल्या घरात म्हणाली होती, ‘अक्काच्या करंजीत सारण कमी, वारं लय.’ तेव्हापासून अबोला. माझ्या मनात काही नाही. उत्तम शुक्रवारच्या आत तिनं माफी मागावी, एवढंच.

२६ मार्च, बुधवार
पाळकसाहेबांनी दिलेलं पुस्तक उघडलं. ओरिजेन म्हणून एक फार जुने पंडित. त्यांच्या मते प्रभूनं आपला जीव खंडणी म्हणून सैतानाला दिला. एवढी किंमत, आणि घासाघीस नाही! मी असते तर... प्रभू, क्षमा कर.
दुपारी महिला सभेत तालीम केली. पेडगावच्या चतुराबाईंनी विचारलं, ‘खंडणी कोण मागायलाय? ठाण्यात सांगितलं का न्हाई?’ सगळ्या हसल्या. मालन सर्वांत जास्त. खंडणी भाषणातून काढली. शास्त्र बरोबर आहे, श्रोते कच्चे.

३० मार्च, रविवार
अन्सेल्म सापडले! नऊशे वर्षांपूर्वीचे आर्चबिशप, पण माणूस अगदी आपल्या भावकीतला. म्हणतात, पाप म्हणजे देवाचा अपमान, आणि भरपाई झाल्याशिवाय सुटका नाही. अपमान जेवढ्या मोठ्याचा, भरपाई तेवढी मोठी. मी थोरली जाऊ. सरळ आहे.
ह्यांना वाचून दाखवलं. पेपरातून तोंड न काढता म्हणाले, ‘मग ती भरली कुणी? ज्याचा अपमान झाला त्यानंच की.’
पुढचं पान अजून वाचलेलं नाही.

६ एप्रिल, रविवार
पुस्तकातले पुढचे पंडित, अबेलार्ड. यांचं म्हणणं, क्रूसावरचं प्रेम बघूनच माणसाचं काळीज पाघळतं. करून बघायला खर्च नाही. नळावर पाणी येईपर्यंत मालनकडे एकटक प्रेमानं बघत उभी राहिले. ती तिच्या लेकीला, साधनाला म्हणाली, ‘थोरल्या आईला चक्कर यायलीय वाटतं, धर गं.’ साधनानं धरलं. शिवाय लिंबूसरबत पाजलं.
अबेलार्डवर त्यांच्या काळातही लोकांचा भरवसा नव्हताच.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
भाषण तयार. त्यात ‘एका गावातली एक तोंडाळ धाकटी जाऊ’ असं उदाहरण घातलंय. नाव नाही. उगाच कुणाचं मन का दुखवा? मालन पुढच्या बाकावर बसते. ऐकेल, रडेल, माफी मागेल.
पाळकसाहेबांनी वाचलं. म्हणाले, ‘बाई, उदाहरण स्वतःच्या पापाचं द्या.’ घरी येऊन पुष्कळ आठवून बघितलं. सापडलं नाही. जाऊच राहू दिली.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार
भाषण झालं. तोंडाळ जाऊ आली तशी मालननं डोळ्याला पदर लावला. मी मनात म्हटलं, हालेलुया.
उपासना सुटल्यावर ती थेट माझ्याकडे आली. मी क्षमेचा चेहरा तयारच ठेवला होता. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘अक्का, मी तुमाला कवाच माफ केलंय.’
मला? मी विचारलं, कशाबद्दल?
म्हणाली, ‘जाऊ द्या आता. सोडलं म्हंजे सोडलं.’
चतुराबाई हुंदके द्यायला लागल्या. पाळकसाहेब म्हणाले, आजचा खरा संदेश हाच.
घरी आल्यावर ह्यांना विचारलं, मी असं तिचं काय केलंय हो?
ह्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. म्हणाले, ‘बस.’ आणि स्वतःलाही खुर्ची ओढून घेतली.